सात नंबरची टेप

आमच्या भावोजींना शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावता येत नसे. तरुणपणी जहाजावर वाफेचा नळ फुटला, दोन्ही हात पोळले, आणि कातडी परत आली तरी बोटांच्या टोकांना स्पर्श म्हणून परत आला नाही. सुई-दोरा सोडाच, वर्तमानपत्राचं पान उलटायचीसुद्धा पंचाईत. सासूबाई होत्या तोवर त्या बटण लावून द्यायच्या. त्या गेल्यावर माझी मुलगी ठकी स्टुलावर चढून लावायची. लग्न का नाही केलंत, असं कुणी विचारलं की भावोजी म्हणायचे, "बायको बटण लावेल आणि वर दिवसभर ऐकवेल. पुतणी नुसतं बटण लावते."

भावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. नवरा गेला तेव्हा ठकी दोन वर्षांची होती. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, माहेरी कुणी नाही, माझी तर पाचावर धारण बसली होती. हात पोळल्यामुळे भावोजींना जहाजावरून उतरवलं होतं आणि नौदलाच्या शाळेत मास्तर म्हणून नेमलं होतं. त्यांनी तिथेच माझ्यासाठी शब्द टाकला. जिन्याखालच्या टेपच्या खोलीत मला काम मिळालं. मी तोंडाची फटकळ, कुणी आवाज चढवला की मी दोन पायऱ्या वर चढवणार. पण तिथे माणसांशी संबंधच नव्हता. एक लोखंडी कपाट, दोन मशीन, ताटाएवढी खिडकी आणि मी.

शाळा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अगदी टोकाला होती. तळमजल्यावर भावोजींचा वर्ग. खिडक्यांना जाड लोकर ठोकलेली, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. वीस बाकं, प्रत्येकावर एक हेडफोन. आणि मधल्या मोकळ्या फरशीवर आमचा समुद्र रंगवलेला: दोन किनारे, मधे बाटलीच्या मानेसारखी चिंचोळी सामुद्रधुनी, त्यावर लाकडी बोटी. भावोजी त्या बोटी पायाने सरकवायचे, कारण हातातून पडायच्या.

त्या काळात दोन दांडगट देशांनी अख्खं जग वाटून घ्यायला काढलं होतं. वर्गात त्यांची नावं घ्यायला बंदी होती, म्हणून भावोजी एकाला 'पहिले' म्हणत आणि दुसऱ्याला 'दुसरे'. आमच्या आधीच्या सरकारने पहिल्यांकडून जुन्या गस्ती बोटी आणि दोन पाणबुड्या घेतल्या होत्या. सरकार पडलं, नवं आलं, त्याने दुसऱ्यांशी गट्टी केली आणि त्यांच्याकडून नव्या बोटी आणल्या. बोटींबरोबर दुसऱ्यांचा एक सल्लागारही आला. तो शेवटच्या बाकावर वही घेऊन बसायचा, हसायचा सगळ्यांकडे बघून, आणि कुणाशी बोलायचा नाही. मला तो माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही, पण माझं मत विचारतो कोण.

"दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, असं तुमच्या आज्यांनी सांगितलं असेल," भावोजी मुलांना म्हणायचे. "जमिनीवर होत असेल. पाण्यात तिसरा बुडतो. तिसरे म्हणजे आपण." मग एक काळी बोट पायाने मधल्या चिंचोळ्या पाण्यात ढकलायचे. "पाणबुडीचं खरं काम बुडवणं नव्हे. ती इथे कुठेतरी असेल, एवढं समोरच्याच्या डोक्यात राहिलं की तिचं निम्मं काम झालं. मग तो वाट बदलतो, झोपत नाही, एकीच्या मागे दहा बोटी फिरवतो. हे सगळं भीतीवर चालतं. तुमचं काम भीती बाजूला ठेवून ऐकायचं. आहे तर आहे, नाही तर नाही."

पाणी कसं असतं तेही सांगायचे. वरचं पाणी उन्हाने तापलेलं, खालचं गार, दोहोंच्या मधे थर, आणि त्या थरापाशी आवाज वाकतो. पाणबुडी थराखाली शिरली की दाराआड लपलेल्या पोरासारखी, आहे हे कळतं पण कुठे ते कळत नाही. पंख्याच्या पात्यांचे ठोके मोजून वेग कसा काढायचा, कोळंब्यांचा थवा तेलात मोहरी टाकल्यासारखा कसा तडतडतो, हे सगळं मला जिन्याखाली बसल्या बसल्या पाठ झालं होतं. रोज तास सुरू व्हायच्या आधी मी वर्गात जाऊन मशीनवर टेप चढवून द्यायचे, कारण मास्तरांच्या बोटांना ती फीत धरता यायची नाही. वीस मुलं बघत असायची. कुणीतरी हळूच म्हणायचं, "वहिनी आल्या, आता समुद्र सुरू." भावोजी मला वहिनी म्हणतात म्हणून अख्खी शाळा मला वहिनी म्हणायची. मोठ्या साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची मी वहिनी.

आणि त्यांचं ते बोट. टेप सुरू व्हायच्या आधी भावोजी उजव्या हाताचं एक बोट वर करायचे. बोट वर म्हणजे श्वाससुद्धा बेताने. ते खाली येईपर्यंत खोकायचं नाही, बाक सरकवायचं नाही, बोलण्याचा तर प्रश्नच नाही. एका वर्षी मोठ्या कानांचा, काडीसारखा बारीक एक मुलगा आला. बोट वर असताना त्याच्या मानेला गांधीलमाशी चावली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हूं नाही की चूं नाही. बोट खाली आल्यावर म्हणाला, "मास्तर, चार नंबर. आणि मला माशी चावली आहे." त्याला सगळे ससा म्हणायचे. असा कान वीस वर्षांत आला नाही, असं भावोजी म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी तो आमच्याकडे जेवायला यायचा, ठकीला अभ्यासात मदत करायचा आणि पानात काही टाकायचा नाही. मला तो पोटच्या पोरासारखा होता. हे मी आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते ऐकून तुम्हाला खरं वाटणार नाही.

आता टेपांचं सांगते. शिकवायच्या टेपा आठ. मासेमारी बोट, मालवाहू जहाज, कोळंब्या, देवमासा असं करत करत सात नंबर म्हणजे शत्रूची पाणबुडी. सात नंबर वर्गात सगळ्यांना तोंडपाठ. जड, एकसुरी घूं, आणि त्यात दर चार सेकंदांनी एक अडखळ, दमेकऱ्याने श्वास घ्यावा तशी. तीन मिनिटं हा आवाज मोठा, मग एकदम बंद, आणि मग लांबवर अगदी बारीक काहीतरी. "बघा," भावोजी म्हणायचे, "तिला आपला संशय आला. तो घूं करणारा पंप बंद केला आणि सटकली." बारीक आवाजात शिकण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मुलांकडून घोटून घ्यायची ती पहिली तीन मिनिटं. "सात ऐकला की सात म्हणायचं. पुढचं कप्तान बघेल. तुम्ही अर्धा मिनिट विचार करत बसलात तर तुमची बोट खाली गेली."

या टेपा आधी समुद्रावर भरल्या जायच्या आणि सीलबंद पेटीतून थेट माझ्याकडे यायच्या. भावोजींकडे नाही, माझ्याकडे. कारण नियम असा होता, की शिकवायच्या टेपेवर माणसाचा आवाज राहता कामा नये. भरणारा अधिकारी सुरुवातीला बोलायचा, तारीख सांगायचा, बोटीचं नाव, ठिकाण. ते सल्लागाराच्या कानावर पडायला नको. मित्र झाला तरी परका तो परका. म्हणून मी आवाज संपेपर्यंतची फीत ब्लेडने तिरपी कापायची, उरलेली चिकटपट्टीने जोडायची, तिची वर्गासाठी नक्कल करायची आणि मूळ टेप मोठ्या साहेबांसमोर अंगणात जाळायची. हा नियम कागदावर कुठेच नव्हता. मोठ्या साहेबांनी तोंडी सांगितला होता. टेपेत काय आहे ते समजून घेणं माझं काम नव्हतं. बोलणं कुठे संपतं एवढंच मी बघायची.

ससा शिकून बाहेर पडला, नव्या गस्ती बोटीवर गेला. त्याच वर्षी पहिल्यांची आणि दुसऱ्यांची सामुद्रधुनीवरून जुंपली. रोज बातम्या, आज यांनी बोटी आणल्या, उद्या त्यांनी आणल्या. दुकानांतून पीठ आणि मेणबत्त्या संपल्या. पाचव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला ससाने हेडफोनमधे घूं ऐकलं. त्या पाण्यात आपलं कुणीही नाही, असा लेखी हुकूम बोटीवर होता. ससा म्हणाला, "सात." कप्तानाने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "सात." कप्तानाने पाण्यात फुटणारे बाँब टाकले. तेल वर आलं, एक गादी आली, लाकडी पाट्या आल्या. मग आपल्याच नौदलाच्या टोप्या वर आल्या.

पाणबुडी आपली होती. पहिल्यांकडून घेतलेल्या दोन जुन्यांपैकी एक. एकतीस माणसं होती आत, एकही वाचला नाही. त्यांतले दोघे कान लावून ऐकायच्या कामावर होते, ते भावोजींचेच जुने विद्यार्थी. भावोजी त्या दिवशी घरी आले ते बूट न काढता खुर्चीत बसले. रडले. मी त्यांना सासूबाई गेल्या तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

ती पाणबुडी त्या पाण्यात का गेली, तिला कुणी पाठवलं, आणि पाठवलं तर बोटीला का कळवलं नाही, हा प्रश्न चौकशीच्या टेबलावर आलाच नाही. तो आला असता तर मोठी मोठी डोकी गेली असती. म्हणून चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचं ठरलं. सगळा दोष ससाच्या कानावर. पण त्यात एक अडचण होती. ससा वर्गात पहिला आला होता, त्याचा कान कच्चा आहे असं कुणाला पटेना. मग म्हणाले, कच्चा नाही तर विकलेला असेल. कच्चा कान म्हणजे तुरुंग. विकलेला कान म्हणजे दोरी. ससाची आई एकदा शाळेच्या फाटकाशी आली होती. मला म्हणाली, "वहिनी, मास्तर काहीतरी करतील ना?" मी म्हटलं, "करतील." मी दुसरं काय म्हणणार होते.

बोटीवर त्या दुपारी आपोआप भरली गेलेली टेप चौकशीसाठी नक्कल करायला माझ्याकडे आली. नियमाने मास्तरांनी ती ऐकून अभिप्राय द्यायचा होता. मी मशीनवर चढवली. भावोजी माझ्या खोलीत स्टुलावर बसले, हेडफोन लावला आणि दहा सेकंदांत म्हणाले, "सात." मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय म्हणालो. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "वहिनी, आपली पाणबुडी सात कशी असेल?"

मी मशीन थांबवलं. आणि तेव्हा, सात वर्षांनी, मला तो खोकला आठवला. सात नंबरच्या मूळ टेपेवर बोलणाऱ्या अधिकाऱ्याला पडसं झालेलं होतं. सारखा नाक ओढायचा आणि खोकायचा, म्हणून मला हसू आलं होतं, म्हणून लक्षात राहिला. तो म्हणाला होता, पहिली तीन मिनिटं आपल्याच बोटीचा पंप आहे, तो कानाआड करायला शिकवावं, मग पंप बंद केला आहे, त्यानंतर शत्रू ऐकू येईल. हे सगळं मी तारखेबरोबर आणि ठिकाणाबरोबर कापून टाकलं होतं. सात वर्षं मुलं घोटत होती तो शत्रू नव्हता. पहिल्यांकडून आलेल्या जुन्या बोटीचा पंप होता. तसाच पंप त्या दोन पाणबुड्यांना. खरा शत्रू तो शेवटचा बारीक आवाज, ज्याच्याकडे कुणी लक्षच दिलं नाही. काखेत कळसा म्हणतात ना, तसला प्रकार. पाणबुडीत बसलेल्या त्या दोघांनाही कळलं नसणार, कारण स्वतःच्या घराचा वास स्वतःला येत नाही.

मी भावोजींना शब्द न् शब्द सांगितला.

त्यांनी हेडफोन मांडीवरून उचलून मशीनवर ठेवला. मग म्हणाले, "कुणाला सांगितलंत?"

"आत्ता तुम्हाला. आणखी कुणाला सांगणार?"

"मूळ टेप?"

"जाळली. तुम्हाला माहीत आहे, जाळायचाच नियम."

"नियम कुठे लिहिला आहे? मोठे साहेब म्हणतील, मी असं काही बोललोच नाही. मग काय राहतं? एक बाई, तिच्याकडे कपाटाची किल्ली, तिने टेपेतला नेमका तेवढाच भाग कापला आणि पुरावा जाळला. या दिवसांत तिला काय म्हणतील, सांगा बरं."

"पण ससा…"

"ससा सात म्हणाला कारण मी त्याला सात म्हणायला शिकवलं. ते मी सांगेन. टेप मी कापली असं सांगेन. शिकवताना बोलणं मधे येत होतं, मी कापलं, माझी चूक. एवढ्याने त्याची मान सुटते." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही गप्प राहायचं. ठकी कुणाकडे राहील?"

आता इथे मी म्हटलं पाहिजे की मी वाद घातला, मी रडले, मी नाही म्हणाले. यातलं काही नाही. मी हो म्हणाले. लगेच म्हणाले. आयुष्यभर चुरूचुरू चालणारं माझं तोंड, नेमकं त्या वेळी त्याला कुलूप लागलं, आणि खरं सांगायचं तर ते लागल्यावर मला बरं वाटलं.

चौकशीच्या दिवशी ठकीची परीक्षा होती, ती लवकर गेली. भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून, गळा उघडा ठेवून माझ्यापुढे येऊन उभे राहिले. मी बटण लावलं. मग एकत्रच बाहेर पडलो, कारण मलाही बोलावणं होतं. साक्षीला नाही. टेप लावायला.

चौकशी शाळेच्याच वरच्या मजल्यावर, लांब टेबलाच्या खोलीत. चार अधिकारी, बाजूला मोठे साहेब, कोपऱ्यात तो सल्लागार वही घेऊन. ससा भिंतीशी दोन शिपायांच्या मधे उभा. कान लाल झालेले आणि गाल आत गेलेले. मी दोन मशीनं मांडली, एकावर शाळेची सात नंबर, दुसऱ्यावर बोटीवरची. दोन्ही सगळ्यांनी ऐकल्या. घूं आणि अडखळ, घूं आणि अडखळ. एकच आवाज. मुख्य अधिकाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

भावोजी उभे राहिले. म्हणाले, "या मुलाने ऐकण्यात चूक केलेली नाही. मी शिकवलं तेच त्याने ओळखलं. या टेपेच्या सुरुवातीला सूचना होती, की हा आपलाच पंप आहे. ती मी कापली. मी एकट्याने, माझ्या हाताने. दुसऱ्या कुणाचा संबंध नाही. माझे शंभरावर विद्यार्थी आज समुद्रावर आहेत, ते सगळे याला सातच म्हणतील. त्यांना आधी परत बोलवा." हे बोलताना त्यांचा उजवा हात टेबलाच्या कडेवर होता आणि त्याचं एक बोट वर होतं. मला वाटलं, सवय. टेप चालू झाली की बोट वर जायचंच.

मी त्या मशीनपाशी, दोन्ही हातांत फीत धरून उभी. ज्या माणसाला टेप लावून द्यायला दुसरं माणूस आणावं लागतं तो म्हणतो आहे की मी ब्लेडने कापून जोडली, आणि जिने कापली ती बाई सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टेप लावते आहे. एकानेही विचारलं नाही. मोठे साहेब खाली मान घालून कागद बघत होते. त्यांना सगळं माहीत होतं, नियम त्यांचाच. पण समोर माणूस आपणहून मान पुढे करतो आहे म्हटल्यावर कोण कशाला खोलात जातो.

मुख्य अधिकाऱ्याने ससाला विचारलं, "तुला यावर काही म्हणायचं आहे?" ससाने भावोजींकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे. "नाही," तो म्हणाला. मग शिपाई आले आणि भावोजींना घेऊन गेले.

फितुरी नाही, हे मान्य झालं. मान वाचली. पण एकतीस माणसं गेली होती, कुणालातरी आत घालणं भाग होतं. भावोजींना तीन वर्षं झाली, आणि ससाला सहा, कारण खात्री न करता तीन वेळा सात म्हणाला. खात्री कशी करायची ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, पण हे तिथे कोण बोलणार. जे बोलू शकत होते ते एक तर आत गेले होते किंवा तोंड मिटून टेपा गुंडाळत होते. शंभर विद्यार्थ्यांना परत बोलावलं का, ते मला कळलं नाही. शाळेने सात नंबर कपाटातून काढून टाकली आणि आठला सात नंबर दिला. नवं लेबल मीच चिकटवलं.

माझी नोकरी राहिली. ठकी शिकली. ती भेटीच्या दिवशी काकाला बघायला तुरुंगात जायची आणि जाळीतून बटण लावता येत नाही म्हणून रडत परत यायची. मी जायची तेव्हा आम्ही हवापाण्याचं बोलायचो.

भावोजी सुटून आले ते बिनकॉलरचा सदरा घालून. तेव्हापासून कॉलरचा शर्ट त्यांनी घातलाच नाही. रेडिओ लावला की उठून जायचे. सकाळी सहाला आमच्या इमारतीचा पाण्याचा पंप सुरू व्हायचा, तेव्हा ते गच्चीवर जायचे आणि टाकी भरून पंप बंद झाला की खाली यायचे. त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. मी दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा ते म्हणाले, "वहिनी, ठकी मार्गाला लागली ना?" अडीच वर्षं अशी काढली आणि गेले. छातीतच दुखलं, फार वेळ लागला नाही.

ते गेल्यावर आठ महिन्यांनी दार वाजलं. उघडलं तर ससा. केस पांढरे, मान पुढे आलेली, कान मात्र होते तसेच, उलट चेहरा बारीक झाल्यामुळे आणखी मोठे दिसत होते. आई गेल्या वर्षी वारली म्हणाला. आता लाकडाच्या वखारीत करवतीवर काम करतो, तिथे दिवसभर काही ऐकू येत नाही, बरं पडतं. भावोजींची खोली बघायची होती त्याला. मी दाखवली. तो दारातच उभा राहिला, आत गेला नाही.

मी चहा केला. त्याच्यापुढे ठेवला आणि मनाशी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. सहा वर्षं दोन महिने पोटात ठेवलं होतं.

"ससा, मला एक सांगायचं आहे. ती टेप मास्तरांनी नाही कापली."

त्याने कप उचलला नाही. "वहिनी, मास्तरांना बटण लावता येत नव्हतं. आणि टेप लावायला तुम्ही यायचात, आम्ही वीस जण रोज बघायचो. ते ब्लेडने कापून जोडणार होते होय?"

"म्हणजे तुला…"

"ते पहिलं वाक्य बोलले तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?" माझा आवाज चढला, जुन्या सवयीने. "तुला विचारलं होतं त्यांनी, तोंडावर विचारलं होतं. सहा वर्षं गेली तुझी. आईचं शेवटचं तोंड दिसलं नाही तुला. नुसतं एवढं म्हणाला असतास, की या बाईला विचारा, तर…"

"मास्तरांनी बोट वर केलं होतं," ससा म्हणाला. "आणि खाली केलंच नाही. तसेच त्यांना घेऊन गेले."

मग तो उठला. चहा तसाच राहिला, वर साय धरली होती. दारात चपला घालताना म्हणाला, "तुम्ही सांगितलंत, बरं केलंत," आणि जिना उतरून गेला. मी त्याला पुन्हा ये म्हणाले नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार.

संध्याकाळी ठकी आली. तिला बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, खोकला, ब्लेड, अंगणातला जाळ, माझं ते लगेच हो म्हणणं, सगळं. संपल्यावर ती हाताची बोटं बघत बसली.

"त्या दिवशी माझी परीक्षा होती," ती म्हणाली. "मला कायम वाटायचं, काका उघड्या गळ्यानेच गेला असेल. त्या दिवशी त्याचं बटण कुणी लावलं, आई?"

मीच लावलं, म्हटलं.